सुरखी

३ जून, सोमवार

माझ्या वडिलांची, आप्पांची झोप अजून इथल्या घड्याळाला लागलेली नाही. इथे इंग्लंडात चारलाच फटफटतं. तेव्हापासून खिडकीशी बसून असतात. उजवा गुडघा सुजलाय. चहा झाला की फोन चार्जिंगला लावतात आणि त्याच्याकडे पाठ करून बसतात.

४ जून

तात्याकाकांचा फोन. आप्पा बागेत जाऊन बोलले. आत आल्यावर एवढंच म्हणाले, "बिल्डर थांबंना झालाय."

८ जून, शनिवार

माझ्या मुलाच्या, ईशानच्या वर्गात सध्या रोमन लोक चालू आहेत. त्यालाच हौस, आजोबांना रोमन फरशी दाखवायची. व्हेरुलेमियम या जुन्या रोमन नगराच्या जागेवरच्या पार्कपर्यंत गाडीने गेलो, पुढे आप्पा काठी टेकत आले. ऊन छान होतं.

तळ्यापलीकडे हिरवळीत एक ठेंगणी आधुनिक इमारत आहे. तिकीट नाही. आत गेलं की कठड्याखाली फरशी. इसवी सन २००च्या सुमाराची. बारीक चौकोनी दगडी तुकड्यांची नक्षी, चौकटीत चौकट, मध्ये गोल फुलं. एका श्रीमंत माणसाच्या मोठ्या घराचा हा तुकडा. व्हीलर पतीपत्नींना १९३०च्या दशकात उत्खननात सापडला. इथल्या इतर चांगल्या फरश्या उचलून संग्रहालयात नेल्या, ही मात्र होती तिथेच ठेवली. वरची इमारत २००४ची.

ईशान सांगत होता. बाहेर भट्टी. तिच्यात गुलाम लाकडं सारत बसायचे. गरम हवा फरशीखालच्या बोळांतून फिरायची, मग भिंतीत बसवलेल्या पोकळ विटांतून वर. पायाखालची जमीन उबदार. हायपोकॉस्ट.

आप्पा ऐकत होते, पण बघत होते भलतीकडेच. फरशीची एक कड तुटली आहे, थर दिसतात, तिकडे.

"त्यो गुलाबी थर बघ. सुरखी हाय ती."

विटांचा चुरा चुन्यात. कोल्हापुरात बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून आयुष्य गेलं त्यांचं. जुन्या विहिरी, हौद, देवळांची कामं केली. पाणी लागायच्या जागी सुरखीशिवाय चुना धरत नाही, हे लहानपणापासून ऐकत आले मी. तिथल्या स्वयंसेवक बाईंना विचारलं. म्हणाल्या, बरोबर, रोमन गवंडी फरशीखाली आणि स्नानगृहात चुन्यात विटाकौलांचा चुरा घालत. आप्पांना मराठीत सांगितलं. त्यांनी मान हलवली. त्यांना खात्री करून घ्यायची गरज नव्हतीच.

निघताना विचारलं, "ही हलवलीच न्हाई?"

"नाही."

"छप्पर हितं आणलं."

"हो."

पुन्हा एकदा वळून बघितलं.

९ जून

रात्री जेवताना आप्पा मधूनच : "खालनं ओल येत असंल त्या फरशीला."

१२ जून

पाऊस. तात्याकाकांचे दोन फोन. आप्पांनी एक घेतला.

१५ जून, शनिवार

तटबंदी बघायला गेलो. गावाला ही भिंत पडली ती २७०च्या आसपास, म्हणजे रोमन सत्ता येऊन सव्वादोनशे वर्षं होऊन गेल्यावर. तीन किलोमीटरहून लांब. आता पार्कच्या कडेने तुकडे उभे आहेत. चकमकीचे दगड, मध्ये मध्ये सपाट विटांच्या रांगा, पुन्हा दगड. तोंडाचे घडीव थर लोकांनी कधीच काढून नेलेत. उरलाय तो पोटातला भराव. तोही इतका घट्ट की बोटाने कण सुटत नाही.

विटांच्या रांगा कशाला, असं ईशानने विचारलं. आप्पांनी हातावर हात ठेवून दाखवलं. गोटे गोल, त्यांना बसक नाही. ठराविक उंचीला सपाट वीट घातली की पुन्हा लेव्हल मिळते, दोन्ही अंगं एकमेकांना धरून राहतात.

लंडन दरवाज्याचा आता फक्त पाया आहे. गवतात आखलेला. आप्पा त्याच्यावरून चालले नाहीत, बाजूने गेले.

या सगळ्या तुकड्यांना कुंपण आहे, पाटी आहे. पाटीवर काय लिहिलंय हे आप्पांनी शब्द न् शब्द विचारून घेतलं.

१८ जून

आप्पा स्वतःहून बोलले. वाड्याबद्दल.

शुक्रवारातला वाडा, पंचगंगेच्या बाजूचा. २०१९च्या पुरात पाणी सोप्यात चढलं. पांढऱ्या मातीच्या भिंती तळातून फुगल्या. २०२१ला पुन्हा. मागची खोली बसली. तात्याकाका भाड्याच्या घरात आहेत. दुरुस्ती परवडत नाही आणि पुढचा पूर कधी येईल सांगता येत नाही. बिल्डर पाडून पाच मजले बांधणार. सगळ्यांच्या सह्या झाल्यात. आप्पांची राहिली आहे.

"जोतं चांगलं हाय अजून. काळा दगूड. माझ्या आज्यानं बसिवलेला."

मी काही बोलले नाही. काय बोलणार?

२२ जून, शनिवार

आज ऑल्बनचा दिवस. दरवर्षी या सुमाराला मिरवणूक निघते. माणसापेक्षा उंच बाहुल्या, रोमन शिपाई, सिंह, रथ, आणि मध्ये तांबड्या झग्यातला ऑल्बन. व्हेरुलेमियमचा रहिवासी. एका पळून आलेल्या ख्रिस्ती धर्मगुरूला त्याने घरात लपवलं. शिपाई आले तेव्हा त्याचा झगा अंगात घालून स्वतः पुढे झाला. शिरच्छेद. ब्रिटनमधला पहिला हुतात्मा त्यालाच मानतात. गावाला आता त्याचंच नाव, सेंट ऑल्बन्स.

मिरवणुकीमागून टेकडी चढून कॅथेड्रलला. आप्पांना चढण जड गेली, दोनदा बसले.

आणि मग मनोऱ्याखाली उभे राहिले ते हलेनात.

सगळा मनोरा विटांचा. रोमन विटा. बारीक, सपाट, लाल. नॉर्मन लोकांनी १०७७पासून हे बांधकाम काढलं. तोवर खालचं नगर कित्येक शतकं ओस होतं. आधीच्या मठाधिपतींनी तिथल्या विटा उकरून जमवून ठेवल्याच होत्या. या भागात चांगला बांधकामाचा दगड मिळत नाही. मग त्या विटा टेकडीवर आणल्या आणि रचल्या. जवळजवळ साडेनऊशे वर्षं मनोरा उभा आहे. विटा त्याच्याहून कितीतरी जुन्या.

आप्पांनी बोट लावून जाडी मोजली. दीड इंचाच्या आसपास.

"लुटल्या म्हणायच्या का ह्या?"

"नगर रिकामंच होतं, आप्पा."

"मग बरं केलं."

आतली भिंत रंगवलेली आहे, विटांवर गिलावा. बाहेरची उघडी. मला बाहेरची जास्त भावली.

२४ जून

ऑफिस. आप्पा दिवसभर एकटे. संध्याकाळी मी घरी आले तेव्हा टेबलावर ईशानच्या वहीचा कागद. वाड्याचा नकाशा काढलेला, फूटपट्टीने. सोपा, माजघर, न्हाणी, परडं. आईच्या चुलीची जागासुद्धा.

२९ जून, शनिवार

संग्रहालय. हे १९३९चं. रोमन नगराचा मुख्य चौक याच भागात होता. शेजारच्या सेंट मायकेल चर्चच्या खाली तेव्हाची कचेरी आणि न्यायसभा.

शिलालेखाचे तुकडे आहेत. अग्रिकोला या गव्हर्नरचं नाव त्यावर, साल ७९. तुकडे थोडे, मधली जागा रिकामी, अक्षरं अंदाजाने भरलेली. सोन्याची नाणी, गावाबाहेर सँड्रिजला २०१२ मध्ये सापडलेली, १५९. रोमन सत्तेच्या अखेरच्या काळातली. कोणीतरी पुरून ठेवली आणि न्यायला आलंच नाही. ईशान तिथून हलत नव्हता.

काशाची छोटी व्हीनस. एका तांबटाच्या दुकानाच्या तळघरात मिळाली. कदाचित मोडीत वितळवायला आलेली असेल. मी बराच वेळ तिच्यासमोर होते.

भिंतीवर लावलेल्या एका फरशीत समुद्रदेवाचं तोंड. दाढी, मोठे डोळे, आणि केसांतून नांग्या निघालेल्या. आप्पा जवळ गेले.

"आपल्याकडं बी हाय की असला. टाऊन हॉलात."

मला आधी कळलं नाही. मग सांगितलं त्यांनी. कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयातला, ब्रह्मपुरीच्या टेकाडावर सापडलेला काशाचा देव, वीतभरही नाही उंचीला. पोसायडन म्हणतात त्याला. रोमनांकडून आलेला. आप्पांच्या लहानपणी पोरं टेकाडावर खेळायला जायची. पाऊस पडून गेला की खापऱ्या वर यायच्या, लाल, गुळगुळीत. त्या पाण्यावर फेकायची, कोणाची जास्त टप्पे खाते बघायला.

"आमच्या घरापास्नं किती लांब? शिट्टी मारली तर ऐकू जाईल."

३० जून

रात्री मी वाचत बसले. झोप लागली नाही.

हे नगर ज्यांनी १९३० ते ३३ खणलं ते मॉर्टिमर व्हीलर पुढे भारतात आले. १९४४ला पुरातत्त्व खात्याचे प्रमुख. पुढच्याच वर्षी पाँडिचेरीजवळ अरिकामेडूला रोमन मातीची भांडी आणि मद्याचे कुंभ खणून काढले. त्याआधी, व्हीलर मेडन कॅसलला खणत असताना, त्यांच्या हाताखाली एक भारतीय तरुण काम शिकायला होता. ह. धी. सांकळिया. ते परत येऊन १९३९ला पुण्याच्या डेक्कन कॉलेजात रुजू झाले. आणि १९४५-४६ला त्यांनी आणि मो. ग. दीक्षितांनी कोल्हापुरात ब्रह्मपुरी खणली. पंचगंगेच्या काठाला, सातवाहनांच्या काळापर्यंत खाली.

म्हणजे माझ्या माहेराजवळचं टेकाड आणि माझ्या इथल्या घराजवळचं हे हिरवं रान, दोन्हीकडे खणायची शिस्त एकाच माणसाकडून आली. चौकोन आखायचे, मध्ये मातीचे बांध राखायचे, थर वाचायचे.

सकाळी आप्पांना सांगितलं. सगळं ऐकून घेतलं. "नाव लिहून दे," म्हणाले. सांकळिया, दीक्षित, दोन्ही नावं कागदावर लिहून दिली. कागद घडी करून खिशात.

१ जुलै

टेसा व्हीलर. तिच्याबद्दल फार कमी लिहिलेलं सापडतं. इथल्या उत्खननाचा मोठा भार तिच्यावर होता. माणसं नेमणं, शिकवणं, नोंदी, फरश्या उचलून नेण्याची कामं. १९३६ला गेली, जेमतेम त्रेचाळीसची. त्याच वर्षी उत्खननाचा ग्रंथ छापून आला. संग्रहालयात नवऱ्याचं नाव आधी ऐकू येतं. मला हे पटत नाही.

६ जुलै, शनिवार

रोमन रंगमंडळ. हे खाजगी इस्टेटीत आहे, तिकीट काढावं लागतं. १४०च्या सुमाराला बांधलं. १८४७ला पुन्हा सापडलं. पूर्ण उकरलं ते १९३०च्या दशकात, कॅथलीन केन्यन यांनी. तेव्हा त्या पंचविशीच्या आसपास होत्या, टेसाकडेच शिकत. पुढे जेरिको खणून जगभर नाव झालं.

मातीचे गोल उतार, मध्ये मोकळी जागा, एका बाजूला मंच. एक खांब उभा. बसणारी माणसं दोनेक हजार. आप्पा उतारावर गवतात बसले. गुडघा चोळत.

चौथ्या शतकाच्या शेवटी इथे नाटकं बंद झाली आणि गाव इथे कचरा टाकू लागलं. भरून गेलं. म्हणून शिल्लक राहिलं.

शेजारी दुकानांचे पाये आहेत, एका रांगेत. इथली पहिली दुकानं लाकडामातीची होती. बूडिका राणीने इसवी सन ६० किंवा ६१ मध्ये गाव जाळलं तेव्हा तीही गेली. रोमनांनी तिला फटके मारलेले, तिच्या मुलींवर अत्याचार केलेले. तिने कोलचेस्टर जाळलं, लंडन जाळलं, मग हे. रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो, तीन गावांत मिळून सत्तर हजार माणसं मेली. पुढे १५५च्या सुमाराला पुन्हा आग, या वेळी शत्रू नव्हता. त्यानंतर घरांना दगडाचे पाये आले.

दोनदा जळून तिसऱ्यांदा त्याच जागी. आप्पा म्हणाले, "जागा सोडवत न्हाई माणसाला."

१० जुलै

फोनवर मोठा आवाज. आप्पांचा. मग बराच वेळ शांत.

रात्री म्हणाले, तात्याचं चुकत नाही. त्याची सून बाळंत होणार आहे. कुठे ठेवायचं तिला?

१३ जुलै

डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या. चालणं कमी करायला सांगितलं. आप्पांनी ऐकल्यासारखं केलं.

१७ जुलै

कडक ऊन. गाववाले सांगतात, फार कोरडा उन्हाळा पडला की पार्कच्या गवतात रोमन रस्ते उमटतात. खाली भराव असला की वरचं गवत आधी पिवळं पडतं. सरळ रेघा. या वर्षी तसं काही नाही, पाऊस चिकार झाला.

२० जुलै, शनिवार

आप्पांचा प्रश्न, बाकावर बसल्या बसल्या : "खाली अजून किती हाय?"

खूप. बहुतेक सगळंच. नगराचा बराचसा भाग कधी खणलाच नाही. निम्मा या पार्कखाली, बाकीचा इस्टेटीच्या शेताखाली. अलीकडे स्वयंसेवकांनी चुंबकीय यंत्रं घेऊन चालत चालत सर्वेक्षण केलं. रस्ते, घरं, खोल्या कागदावर आल्या. कुदळ लागली नाही. कायद्याने संरक्षित जागा आहे, कोणी खांब रोवायचा म्हटलं तरी परवानगी.

"आणि बांधकाम न्हाई? गावाच्या मधोमध?"

नाही. १९२९ला नगरपालिकेने ही जमीन जहागीरदाराकडून विकत घेतली, लोकांना फिरायला. तळं खणलं ते मंदीच्या काळात कामधंदा नसलेल्या माणसांना रोजगार मिळावा म्हणून. हे मला फार मोठं वाटतं. एका छोट्या गावाने एवढी जमीन घेतली आणि मोकळी ठेवली. लंडनला रेल्वेने वीस मिनिटं. आज इथे घराचे भाव काय आहेत ते मला रोज दिसतं. तरी हात लागलेला नाही.

आप्पा हिशेब करत होते बहुतेक. एकर, गुंठे. मग सोडून दिला.

"ब्रह्मपुरीवर घरं झाली गं."

"माहीत आहे."

"आम्ही बघत हुतो."

२७ जुलै

पुन्हा फरशी. आप्पांनीच सांगितलं, ने. ईशान आला नाही, मॅच होती. आत आम्ही दोघंच आणि काही पोरं. पोरं गेली. आप्पा खिशातून टेप काढून लांबून अंदाज घेत होते, थर किती जाड असेल.

ओलीचा प्रश्न विचारला तिथल्या बाईंना. म्हणाल्या, अगदी खरं, तीच काळजी आहे, म्हणून आतलं तापमान आणि दमटपणा यांच्यावर लक्ष ठेवावं लागतं. आप्पांना हे ऐकून बरं वाटलं. दिवसभर खुशीत होते.

३ ऑगस्ट

बॅग भरणं. लोणच्याच्या रिकाम्या बरण्या परत नेतायत.

५ ऑगस्ट

विमानतळ. व्हीलचेअर मागितली होती, उशीर झाला, पण मिळाली. आप्पांनी जाताना वाड्याचा नकाशा ईशानला दिला.

६ ऑगस्ट

पोचले.

१० ऑगस्ट

घर मोठं वाटतंय.

१८ ऑगस्ट, रविवार

एकटीच तटबंदीच्या कडेने चालले. एक बाई कुत्र्याला घेऊन भिंतीला टेकून फोनवर बोलत होती. शेजारी पोरं चेंडू आपटत होती. इथे रोजच्या वापरात आहे सगळं, आणि तरी कोणी दगड काढत नाही. हे आपोआप होत नाही. पाटी लावणारा, गवत कापणारा, शाळेत शिकवणारा, ओल मोजणारा, एवढी माणसं लागतात. ईशानच्या वर्गातल्या प्रत्येक मुलाने ती फरशी पाहिली आहे. माझ्या वर्गातल्या कोणी पोसायडन पाहिला होता, असं मला आठवत नाही. बाईंनी नेलं असतं तर आम्ही गेलो असतो. शाळेपासून टाऊन हॉल चालत जाण्याजोगा होता.

२५ ऑगस्ट

आप्पांचा फोन. टाऊन हॉलात जाऊन आले. रिक्षाने. बागेतल्या तोफांपाशी थोडं बसले, मग आत. पोसायडन बघितला. ब्रह्मपुरीची बाकीची भांडीही. "चांगला हाय. दाढी तश्शीच." आणि तिथल्या माणसाला खिशातला कागद दाखवून विचारलं, सांकळियांनी खणलं ती जागा नेमकी कोणती? त्याने नीट सांगितलं म्हणे. चहाही पाजला.

मी वहिनीला मेसेज केला : पोरांना या रविवारी टाऊन हॉलला घेऊन जा. आप्पांना बरोबर ने, ते दाखवतील.

७ सप्टेंबर, शनिवार

गणपती. व्हिडिओवर आरती. वाड्यात, सोप्यातच बसवलाय. मागची खोली बंद. सगळे जमलेत, पुण्याहून, इचलकरंजीहून. वाड्यातला हा शेवटचा, कोणी बोललं नाही.

८ सप्टेंबर

वहिनीने फोटो पाठवला. पोरं काचेच्या कपाटासमोर, आप्पा काठीने काहीतरी दाखवतायत.

१९ सप्टेंबर

पितृपक्ष लागला. तो उरकेपर्यंत सही नाही.

२ ऑक्टोबर

आप्पा बिल्डरकडे स्वतः जाऊन बसले दोन तास. तात्याकाका बरोबर. काय बोलणं झालं ते सांगायला तयार नाहीत. "होऊ दे, मग सांगतो."

५ ऑक्टोबर, शनिवार

सही झाली. करारात एक कलम आप्पांनी घालून घेतलं. जोत्याचे काळे दगड विकायचे नाहीत, क्रमांक घालून उतरवायचे आणि नव्या इमारतीच्या रस्त्याकडच्या भिंतीत चुन्यात लावायचे. चुन्यात सुरखी किती घालायची, ते प्रमाणही कलमात लिहिलं आहे.